मूल कितवे, आणि पगार कोणाच्या हिशेबात?

प्रश्न : माझे वय ३३ आहे. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत मी केमिस्ट आहे. नोकरी मुदतीच्या करारावर असून करार १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२६ असा आहे. २०२१ मध्ये माझे लग्न झाले. माझे ते पहिले, पतीचे दुसरे. त्यांची पहिल्या लग्नाची दोन मुले, आता ११ आणि ८ वर्षांची, चार वर्षे मीच सांभाळली आणि कंपनीच्या मेडिक्लेमसाठी कुटुंबाच्या रकान्यात त्यांची नावेही भरली. ऑगस्टपासून मी सिन्नरला माहेरी आहे आणि पती मुलांना घेऊन पिंपरीला त्यांच्या भावाकडे राहायला गेले आहेत. मला प्रसूतीसाठी २० फेब्रुवारीची तारीख दिली आहे. एचआर म्हणतात की हे तुमचे तिसरे मूल, म्हणून रजा १२ आठवडेच, आणि ३१ मार्चला करार संपला की तीही बंद. ‘आत्ता राजीनामा द्या, बाळंतपणानंतर पाहू,’ असेही तोंडी सुचवले. पगारी रजेची रक्कम मूळ पगारावर, म्हणजे १४ हजारांवर देणार आहेत; माझा एकूण पगार ३८ हजार आहे. पतीचे म्हणणे असे की याच महिन्यात परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज करू, पण ‘पोटगी मागणार नाही’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून दे, कारण तू कमावती आहेस. त्यांची मोठी मुलगी मला रोज फोन करते. तिला मी हक्काने भेटू शकते का? — स., सिन्नर

उत्तर :

स. ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर लक्षात आले की तुमच्या भोवतीचे दोन्ही पक्ष एकच गणित आपापल्या सोयीने मांडत आहेत. ती दोन मुले तुमचीच आहेत असे कंपनी म्हणते, कारण तसे म्हटल्याने रजेचे १४ आठवडे वाचतात. पती ती मुले घेऊन निघून गेले आणि पोटातल्या बाळाचा खर्च मात्र तुमच्या पगारावर टाकत आहेत, आणि तोही अशा पगारावर की जो मार्चअखेर थांबेल असे कंपनीच सांगते आहे. दोन्ही म्हणणी एकमेकांसमोर ठेवली तर टिकत नाहीत. गेल्या काही वर्षांतील कायदा आणि निकाल दोन्ही बाबतींत बऱ्याच अंशी तुमच्या बाजूने आहेत, परंतु काही ठिकाणी तुमची बाजू वाटते तितकी भक्कम नाही, आणि ती ठिकाणेही मी दाखवणार आहे.

प्रथम नोकरीचे पाहू, कारण तिथे दिवस मोजून काम करावे लागणार आहे. तुमच्या एचआर विभागाने १९६१च्या मातृत्व लाभ अधिनियमाचा उल्लेख केला असेल तर त्यांची माहिती थोडी जुनी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत २९ जुने केंद्रीय कायदे सामावले गेले, आणि मातृत्व लाभाच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्या सहाव्या प्रकरणात आल्या आहेत. तुमच्यासाठी या बदलाचा अर्थ मर्यादित आहे, कारण २०१७च्या दुरुस्तीने दिलेले २६ आठवडे, दोन किंवा अधिक हयात अपत्ये असलेल्या स्त्रीसाठीचे १२ आठवडे, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केल्याची अट, हे सारे जवळपास त्याच शब्दांत कलम ६० मध्ये उतरले आहे. म्हणूनच जुन्या कायद्यावर दिलेले निकाल नव्या संहितेखालीही वाटाड्याचे काम करतील असे मानायला चांगला आधार आहे. तुम्ही पदाने पर्यवेक्षक आहात की कामगार, हा वाद औद्योगिक संबंधांच्या इतर प्रश्नांत महत्त्वाचा असतो. मातृत्व लाभासाठी तो गैरलागू आहे, त्यामुळे कोणी तो काढला तर त्यात अडकू नका.

करार संपला की लाभ संपतो, हे कंपनीचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ रोजी डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात नाकारलेले आहे. त्या दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयात करारावर वरिष्ठ निवासी डॉक्टर होत्या. त्यांच्या कराराची कमाल मुदत ११ जून २०१७ रोजी संपत होती आणि त्यांनी १ जूनपासून प्रसूती रजा मागितली होती. रुग्णालयाने त्यांना मोजून ११ दिवसांचा लाभ देऊ केला आणि पुढे करारच नाही तर रजा कसली, असा युक्तिवाद केला. प्रशासकीय न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय या दोन्ही ठिकाणी त्या हरल्या. सर्वोच्च न्यायालयाने मात्र असे ठरवले की ८० दिवसांची अट पूर्ण झाली की पूर्ण लाभाचा हक्क निर्माण होतो, आणि कायद्यातच नोकरीच्या मुदतीपलीकडे जाणारा लाभ अभिप्रेत असल्यामुळे कराराची शेवटची तारीख त्या हक्काला कात्री लावू शकत नाही. तुमच्या आणि त्यांच्या प्रकरणात साम्य इतके आहे की कंपनीच्या कायदा सल्लागाराने तो निकाल एकदा वाचला तरी हा मुद्दा बहुधा तिथेच मिटेल.

येथे एक भेद मात्र मनात पक्का ठेवावा. या निकालाने लाभाची रक्कम कराराच्या मुदतीनंतरही मिळते. करार पुढे वाढवून मिळतोच असे नाही. मुदतीचा करार मुदत संपताच संपतो, आणि नूतनीकरण करा असे कंपनीला भाग पाडणे कठीण असते. नूतनीकरण गरोदरपणामुळेच नाकारले हे दाखवता आले तर त्याला आव्हान देता येईल, पण त्यासाठी पुरावा लागेल: तुमच्यासोबत त्याच दिवशी रुजू झालेल्या इतरांचे करार वाढले का, तुमच्या कामाचे मूल्यमापन कसे होते, एचआरने काय लिहिले आणि काय केवळ बोलून दाखवले. हे सारे आतापासून जमवत राहा, मात्र घरखर्चाची आखणी नूतनीकरणाच्या भरवशावर करू नका.

आता मूल कितवे, हा प्रश्न. या बाबतीत १६ ऑगस्ट २०२२ चा दीपिका सिंह प्रकरणातील निकाल तुम्हाला फार जवळचा वाटेल. त्या चंडीगढच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत परिचारिका होत्या. त्यांच्याही पतीला पहिल्या लग्नाची दोन मुले होती, त्यांनीही ती नावे सेवा नोंदीत लावून घेतली होती, इतकेच नव्हे तर त्या मुलांसाठी बालसंगोपन रजाही घेतली होती. २०१९ मध्ये त्यांना स्वतःचे पहिले मूल झाले तेव्हा दोन मुले आधीच आहेत असे म्हणून प्रसूती रजा नाकारण्यात आली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा यांच्या खंडपीठाने ती नकाराची भूमिका रद्द केली. पतीच्या मुलांची जबाबदारी स्वीकारली म्हणून स्वतःच्या गरोदरपणाचा हक्क गमवावा लागावा, हे प्रसूती रजेच्या हेतूशीच विसंगत आहे, असा त्या निकालाचा गाभा आहे. आईवडील आणि त्यांची पोटची मुले एवढ्याच साच्यात कुटुंब बसत नाही, पुनर्विवाह, दत्तक आणि सावत्र नात्यांनी बनलेले घरही कायद्याच्या संरक्षणाला तितकेच पात्र असते, हेही न्यायालयाने त्यात स्पष्टपणे नोंदवले.

तरीही तुमच्या वकिलांनी सावध राहावे असा एक कोपरा इथे आहे. दीपिका सिंह यांचे प्रकरण केंद्रीय नागरी सेवेच्या रजा नियमांवर चालले होते. तुम्ही खासगी कंपनीत आहात आणि तुमच्यासाठी संहितेतील ‘दोन किंवा अधिक हयात अपत्ये असलेली स्त्री’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. या शब्दांत सावत्र अपत्ये येतात का, यावर कंपनी वाद घालू शकते. माझे मत असे की तो वाद टिकू नये, कारण प्रसूतीनंतर शरीर सावरण्यासाठी आणि नवजात बाळासाठी दिलेली रजा ही त्या स्त्रीच्या प्रसूतीशी बांधलेली आहे, आणि तुमची ही पहिलीच प्रसूती आहे. मे २०२५ मध्ये के. उमादेवी या तमिळनाडूतील शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुईया यांनी प्रसूती रजा हा प्रजनन हक्काचाच भाग मानला. उमादेवी यांची आधीची दोन मुले पहिल्या पतीकडे होती आणि रजा दुसऱ्या विवाहातील अपत्यासाठी हवी होती. न्यायालयांचा कल कोणत्या दिशेने आहे हे यावरून दिसते. समजा हा वाद लांबलाच, तरी १२ आठवड्यांबद्दल वाद नाही. त्यामुळे ते आठवडे घ्यायचे आणि उरलेल्या १४ साठी भांडायचे.

दिवसांच्या भाषेत हे मांडून पाहा. तुम्ही २७ जानेवारीपासून रजेवर गेलात असे धरले, तर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तुम्हाला ३१ मार्चपर्यंत ६४ दिवस मिळतात. १२ आठवडे पूर्ण दिले तर २० एप्रिलपर्यंत ८४ दिवस होतात. २६ आठवडे दिले तर २७ जुलैपर्यंत १८२ दिवस. तोंडी संभाषणात या तीन आकड्यांची सरमिसळ होते आणि मग माणूस मधल्या आकड्यावर समाधान मानतो, म्हणून अर्जात तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून आपण कोणता मागत आहोत ते स्पष्ट करावे.

हा अर्ज ईमेलने आणि शिवाय पोचपावतीसह प्रत्यक्ष द्यावा. अपेक्षित प्रसूतीची तारीख दाखवणारा डॉक्टरांचा दाखला जोडावा, रजा कोणत्या तारखेपासून हवी ते लिहावे, आणि तुमच्या पश्चात रक्कम कोणाला द्यावी त्या व्यक्तीचे नाव द्यावे, कारण कायद्याने सांगितलेल्या नोटिशीत हे तपशील अपेक्षित असतात. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ आणि उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायची असते, ही तरतूद अर्जात आवर्जून उद्धृत करा. बहुतेक कंपन्यांत ती पगाराच्या तारखेपर्यंत लांबवली जाते. कमी रकमेचा धनादेश किंवा जमा आली तर ती नाकारू नका, पण त्याच दिवशी ‘ही रक्कम माझा उर्वरित हक्क राखून स्वीकारत आहे’ असा एका ओळीचा ईमेल पाठवा. ‘संपूर्ण आणि अंतिम’ असे शब्द असलेल्या कोणत्याही कागदावर रजा चालू असेपर्यंत सही करू नका.

राजीनामा तर अजिबात देऊ नका. गरोदरपणामुळे किंवा त्यासाठीच्या रजेमुळे स्त्रीला कामावरून काढणे संहितेच्या कलम ६८ नुसार बेकायदेशीर आहे आणि तसे काढले तरी मातृत्व लाभ बुडत नाही. परंतु हे संरक्षण कंपनीने काढलेल्या स्त्रीला आहे, स्वतः राजीनामा देणारीला नाही. ‘बाळंतपणानंतर पाहू’ या आश्वासनाला कागदावर काहीही किंमत नाही, हे सुचवणाऱ्यालाही ठाऊक असते, नाहीतर त्याने ते लिहूनच दिले असते. पुन्हा कोणी तसे सुचवले तर त्याच संध्याकाळी नम्र शब्दांत ईमेल करा: ‘आज आपण मला राजीनामा देण्याविषयी सुचवलेत. माझी तशी इच्छा नाही आणि मी प्रसूती रजेसाठी अर्ज केला आहे.’ एवढे पुरते. कंपनीने उलट काढण्याचाच आदेश दिला, तर तो मिळाल्यापासून ६० दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील करावे लागते, आणि त्यांतले कित्येक दिवस दवाखान्यात जाणार असल्याने कागद वकिलांकडे आधीच तयार ठेवणे शहाणपणाचे. केवळ रक्कम रोखली किंवा कमी दिली तर नाशिकच्या कामगार आयुक्त कार्यालयातील निरीक्षकाकडे तक्रार करता येते.

रकमेच्या हिशेबाबाबत मात्र तुम्हाला थोडी निराश करणारी गोष्ट सांगावी लागेल. लाभ हा रजेपूर्वीच्या तीन कॅलेंडर महिन्यांतील सरासरी दैनिक वेतनावर मिळतो. जुन्या कायद्यातील वेतनाची व्याख्या ऐसपैस होती, तिच्यात घरभाडे भत्ताही धरला जाई. नव्या संहितेत वेतन म्हणजे मूळ वेतन, महागाई भत्ता आणि प्रतिधारण भत्ता (काम बंद असलेल्या काळात कामगाराला बांधून ठेवण्यासाठी दिला जाणारा). घरभाडे, प्रवासभाडे वगैरे काही बाबी त्यातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे संपूर्ण ३८ हजारांवर लाभ मागताना कंपनी या व्याख्येकडे बोट दाखवू शकते. पण त्याच व्याख्येत मालकाची पळवाट बंद करणारी एक तरतूद आहे: वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीची रक्कम वेतनातच मिळवायची. म्हणजे १४ हजारांचा हिशेब उघडउघड चुकीचा आहे; कंपनीने भत्त्यांची नावे कशीही ठेवली असली तरी वेतन १९ हजारांच्या खाली धरता येत नाही. दरमहा पाच हजारांचा हा फरक सहा महिन्यांत ३० हजारांवर जातो. शिवाय तुमच्या पगारपत्रकातला एखादा ‘विशेष भत्ता’ वगळण्याच्या यादीत बसतच नसेल, तर आकडा आणखी वर जाईल. तेव्हा मागील तीन महिन्यांची पगारपत्रके काढून ठेवा आणि हिशेबाचा तक्ता लेखी मागा. एखादी कंपनी पूर्वीपासून सर्व स्त्रियांना पूर्ण पगार देत आली असेल, तर तुमच्यापासूनच ती प्रथा का मोडली, हेही विचारायला हरकत नाही.

करार संपताना आणखी दोन गोष्टी मागायच्या आहेत. मुदतीच्या करारावरील व्यक्तीला आता पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीची तरतूद संहितेत आली आहे, म्हणून तिचा हिशेब लेखी मागा. आणि वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत थकीत वेतन चुकते करायचे असते.

आता घराचा प्रश्न. तुमच्या पतीला याच महिन्यात परस्पर संमतीचा अर्ज करायचा आहे, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये अर्जापूर्वी किमान एक वर्ष पतीपत्नी वेगळे राहत असले पाहिजेत अशी अट आहे. तुम्ही ऑगस्ट २०२५ पासून वेगळे राहता, म्हणजे सर्वसाधारणपणे हा अर्ज येत्या ऑगस्टपूर्वी दाखल होणार नाही. अर्ज दाखल झाल्यानंतरचा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणांत माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंह प्रकरणात म्हटले आहे, आणि बहुधा कोणीतरी त्याच निकालावरून ‘आता थांबावे लागत नाही’ असे तुमच्या पतीला अर्धवट सांगितले असावे. वेगळे राहण्याच्या वर्षाची अट आणि ही सहा महिन्यांची मुदत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. थोडक्यात, घाई घटस्फोटाची नसून स्टॅम्पपेपरवरच्या सहीची आहे.

ती सही करू नका. पोटगीचा वैधानिक हक्क पत्नीने खासगी कागदावर सोडून दिला म्हणून तो संपत नाही, अशी भूमिका न्यायालयांनी वेळोवेळी घेतली आहे, आणि बाळाच्या निर्वाहाचा हक्क तर तुमचा नाहीच, तो बाळाचा आहे; आई तो सोडून देऊ शकत नाही. मग सही केली तर बिघडले काय, असे कोणी विचारेल. बिघडते ते असे की तो कागद पुढे प्रत्येक तारखेला तुमच्यासमोर धरला जाईल आणि ‘स्वखुशीने लिहिले होते की दबावाने’ यावर वर्ष जाईल. न्यायालयासमोर, वकिलांच्या सल्ल्याने आणि मोबदल्याची रक्कम ठरवून केलेल्या संमतीच्या अटींची गोष्ट वेगळी. त्या बंधनकारक होतात, म्हणूनच त्या बाळ जन्माला आल्यावर, नोकरीचे चित्र स्पष्ट झाल्यावर आणि त्यांचे उत्पन्न कागदावर आल्यावर ठरवाव्यात.

‘कमावती आहेस, म्हणून पोटगी नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या आत्मविश्वासाने बोलले जाते की कित्येक स्त्रिया अर्जच करत नाहीत. पत्नी कमावते एवढ्यावरून तिचा दावा फेटाळता येत नाही. तिचे उत्पन्न तिला सासरच्या राहणीमानाला साजेसे जगायला पुरते का, हे न्यायालय पाहते. ज्या निकालाने हे सारे एका ठिकाणी आणले तो रजनीश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेला आहे. तिथे अंतरिम, म्हणजे खटला चालू असतानाच्या, पोटगीचा अर्ज २०१३ मध्ये झाला होता आणि रक्कम वसूल होता होता सात वर्षे गेली, म्हणूनच न्यायालयाने साऱ्या देशासाठी एकसारखी पद्धत घालून दिली. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असे त्यात ठरले.

या दोन गोष्टी तुमच्यासाठी निर्णायक आहेत. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळत असल्याने, ऑगस्टपासून गेलेले महिने बहुतांशी गेलेच म्हणायचे, आणि ‘बाळंतपण होऊ दे, मग पाहू’ म्हणून आणखी थांबलात तर तेही जातील. अर्ज आताच करावा; बाळ जन्मल्यावर त्याच्या नावे मागणी जोडण्यासाठी दुरुस्ती करता येते. दुसरे म्हणजे प्रतिज्ञापत्र. त्यात तुम्हाला तुमचा पगार, मातृत्व लाभाची रक्कम आणि ३१ मार्चला संपणारा करार, तिन्ही लिहायचे आहेत. पत्रात तुम्ही विचारले नाही, पण अनेकजणी विचारतात की लाभाची रक्कम दाखवली नाही तर चालेल का. चालणार नाही. ती बँकेत जमा होणार आहे, समोरची बाजू ते विवरण मागवेल, आणि एक रक्कम दडवली की उरलेल्या साऱ्या म्हणण्यावर शंका येते. उलट ती प्रामाणिकपणे दाखवून, हे उत्पन्न अमुक तारखेला थांबणार आहे आणि लहान बाळ असताना लगेच नवी नोकरी मिळणे कठीण आहे, असे मांडणे तुमच्या फायद्याचे आहे. कमावण्याची पात्रता असणे आणि प्रत्यक्षात कमावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने यापूर्वीच सांगून ठेवले आहे. कंपनीने करार संपल्याचे जे पत्र तुम्हाला दुखावण्यासाठी दिले असेल, तेच इथे तुमचा पुरावा ठरेल.

रकमेबद्दल माफक अपेक्षा ठेवा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा ५० हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ अशी कायम पोटगी दिली, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आकडा पतीच्या उत्पन्नाप्रमाणे बदलतो; त्यातून घेण्यासारखे आहे ते वाढीचे कलम, आणि पुढे तडजोडीच्या अटी ठरतील तेव्हा ते मागायला विसरू नका.

अर्ज कुठे करायचा, याची चिंता नको. पूर्वीच्या फौजदारी संहितेतील कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे, आणि पत्नी जिथे राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात तो अर्ज करता येतो, त्यामुळे पिंपरी-पुण्याच्या खेपा घालण्याची गरज नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तरी ही मुदत अर्जात नमूद करून ठेवण्याचा उपयोग होतो. दवाखान्याचा खर्च मोठा असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्जाचा विचार करता येईल, मात्र त्यासाठी घरात काय घडले ते वकिलांना मोकळेपणाने सांगावे लागेल. तुमच्या पत्रात त्याबद्दल एकच ओळ आहे आणि मी ती इथे छापलेली नाही. एकाहून अधिक अर्ज केलेत तर प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

पतीचे ‘लिहून दे नाहीतर’ अशा आशयाचे फोन रेकॉर्ड झाले आहेत आणि ते चालतील का, असे तुम्ही पत्राच्या शेवटी पेन्सिलने लिहिले आहे. १४ जुलै २०२५ च्या विभोर गर्ग प्रकरणातील निकालानंतर पतीपत्नीमधील गुप्तपणे ध्वनिमुद्रित संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकते. मूळ फोन जपून ठेवा, फाइल कापूछाटू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. व्यक्तिशः मला या वाटेचा फारसा उत्साह नाही. तुमच्या प्रकरणात आकडे आणि तारखाच इतक्या बोलक्या आहेत की रेकॉर्डिंगची गरज कदाचित पडणारही नाही, आणि रोजचे बोलणे रेकॉर्ड करण्याची सवय लागली की उद्या तुमचेही प्रत्येक वाक्य तिकडे रेकॉर्ड होत असेल.

राहता राहिली ती ११ वर्षांची मुलगी. इथे कायदा तुम्हाला थिटा पडतो. तुम्ही तिला दत्तक घेतलेले नाही, त्यामुळे आई म्हणून तिचा ताबा किंवा भेटीची वेळ हक्काने मागण्याची सोपी वाट नाही, आणि पालकत्वाच्या कायद्याखाली अर्ज करायचा म्हटला तरी वडील असताना तो तडीस जाणे अवघड आहे. कंपनीच्या रकान्यात जी मुलगी तुमची ठरली, ती न्यायालयाच्या दाराशी तुमची ठरत नाही, हा विरोधाभास मलाही बोचतो. पण कौटुंबिक न्यायालयात समुपदेशनाची पायरी असते, आणि मुलांचे हित हा तिथे खरोखर ऐकला जाणारा मुद्दा आहे. समुपदेशकासमोर पोटगीच्या आधी हा विषय काढा. पैशाच्या बोलण्यात तो एकदा मिसळला की ती मुलगी सौद्यातील एक बाब होऊन बसेल. सुटीच्या दिवशी ठरावीक वेळी फोन आणि बाळ पाहायला दोघा भावंडांना सिन्नरला आणणे, एवढे मागितले तर बहुतेक वडील नाही म्हणत नाहीत, आणि पुढे संमतीच्या अटी लिहिल्या गेल्या तर त्यांत हे दोन ओळींत घालून घेता येते. तोपर्यंत तिचे फोन घेत राहा. तिच्याकडून घरातली खबर मात्र काढू नका, आणि न्यायालयाचा विषय तिने काढला तरी तो बाबांशी बोल, असे सांगून तिच्या परीक्षेकडे वळवा.